पोलादी नळ्या, पितळी सांधे: हाताने सायकलची फ्रेम घडवणाऱ्या कारागिरांविषयी

मूळ लेख | जुनीदांडी

आज बाजारातल्या बहुतेक महागड्या सायकली कार्बन फायबरच्या असतात आणि मधल्या किमतीच्या ॲल्युमिनियमच्या. तरीही इंग्लंड, इटली, फ्रान्स, जपान आणि अमेरिकेत एकेकटा माणूस, किंवा दोन-चार जणांची लहानशी कार्यशाळा, पोलादी नळ्या कापून, कानसून, जोडून एका वेळी एकच फ्रेम तयार करते आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक महिनोन्‌महिने थांबायला तयार असते. या फ्रेमचे कौतुक होते ते बहुधा रंगाचे आणि नक्षीचे. माझे मत असे आहे की या कारागिरीचा मोठा भाग रंगाखाली, लगच्या (सांध्यावरच्या पोलादी खोळीच्या) आत आणि नळीच्या पोटात दडलेला असतो. त्या भागाविषयी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात नळीपासून करावी लागते, कारण ती कारागीर स्वतः बनवत नाही. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याचा मूळ धंदा खिळे बनवण्याचा. त्या घरातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी 1897 मध्ये ‘बटेड’ नळीचे पेटंट घेतले. पातळ नळी सांध्यापाशी तापवली की तिथेच कमजोर होते, आणि सगळी नळी जाड घेतली तर सायकल विनाकारण जड होते, ही त्या काळची अडचण होती. रेनॉल्ड्स यांची नळी बाहेरून सर्वत्र एकाच व्यासाची दिसते, परंतु आतून तिची भिंत टोकांशी जाड आणि मध्यावर पातळ असते. मिलानच्या कोलंबस कंपनीच्या प्रसिद्ध एसएल नळीची भिंत टोकाला 0.9 मिलिमीटर आणि मध्ये 0.6 मिलिमीटर असे. जाड भाग टोकापासून थोड्याच अंतरापर्यंत पुरतो, त्यामुळे नळी कोणत्या टोकाकडून किती कापायची हा कारागिराचा पहिला निर्णय असतो. कापताना हिशेब चुकला तर पातळ भाग सांध्याजवळ येतो, आणि रंग चढल्यावर ही चूक कोणालाच दिसत नाही.

त्यानंतर येते कानसकाम. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एकीचे तोंड दुसरीच्या गोलाईवर अंगाला अंग लागून बसेल असे कोरावे लागते. या कोरणीला मायटर म्हणतात. अर्धगोल कानशीने थोडे घासायचे, नळी जागेवर धरायची, मागून उजेड पाडायचा, आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस हातात घ्यायची, असा हा क्रम चालतो. सांध्यावर लग, म्हणजे दोन्ही नळ्यांना कवेत घेणारी पोलादी खोळ, चढणार असेल तर मायटर पूर्णपणे झाकला जातो. घाईत असलेला माणूस आत फट सोडून देऊ शकतो, आणि अशी फ्रेम वर्षानुवर्षे चालतेही. फक्त जो भार नळीकडून थेट नळीकडे जायला हवा तो सगळा लगला पेलावा लागतो. ज्यांच्याबद्दल मला आदर वाटतो ते कारागीर ही झाकली जाणारी कड उघडी राहणार असल्यासारखीच घासतात.

खरी परीक्षा मात्र आगीपाशी होते. लगच्या सांध्यात पोलाद वितळवायचे नसते. पोलाद वितळायला साधारण 1500 अंश सेल्सिअस लागतात, तर पितळ 900 अंशांच्या आसपास आणि चांदीचे मिश्रण 650 ते 700 अंशांच्या दरम्यान वाहू लागते. लग आणि नळी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी ठेवलेली असते, आणि वितळलेला धातू केशाकर्षणाने त्या फटीत ओढला जातो. आपल्याकडचा सोनार डाख देताना टाकणखार वापरतो, तेच तत्त्व आणि बहुतेक वेळा तोच पदार्थ इथेही असतो. टाकणखाराचा लेप आधी फुगतो, पांढरा पडतो आणि मग पाण्यासारखा नितळ होऊन पसरतो. तो नितळ झाला की धातू स्वीकारण्याइतकी उष्णता जवळ आली असे कारागीर ओळखतो. वितळलेले पितळ गरम भागाकडे धावते. म्हणून लगच्या एका कडेला सळई टेकवून ज्योत दुसऱ्या कडेला न्यायची, म्हणजे पितळ आतून प्रवास करत पलीकडच्या कडेला बारीक सोनेरी रेघ होऊन उमटते. ती रेघ अखंड दिसली तर आतला सांधा भरला असे मानायला आधार मिळतो. ज्योत एका जागी जास्त थांबली तर नळी भाजून निघते, कमी थांबली तर आत पोकळी राहते, आणि लगची टोके पातळ तर मुळापाशी धातू जास्त असल्याने प्रत्येक ठिकाणाची वेळ वेगळी असते.

इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या मर्शियन सायकल्स या 1946 मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेची पद्धत यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. नळ्या लगमध्ये बसवून, कोन मोजून, बारीक खिळींनी सांधा पक्का करतात, आणि मग तो हातातल्या टॉर्चऐवजी विटांच्या उघड्या गॅसभट्टीत धरतात. भट्टीची उष्णता सगळ्या सांध्याला एकदम लागते, त्यामुळे एक बाजू तापून दुसरी थंड राहिल्याने येणारा ताण कमी होतो. ज्योत जागची हलत नाही, म्हणून फ्रेम फिरवत राहावी लागते. पूर्ण फ्रेम हातात पेलून, डोळ्यांनी लाल रंगाची छटा ओळखत हे करायचे असते.

राहिला मापाचा भाग. मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमखाली (सायकल शर्यतींच्या धावपट्टीखाली) कार्यशाळा असलेल्या फालिएरो मासी यांना तिथले लोक ‘शिंपी’ म्हणत. मांडीच्या हाडाची लांबी, हातांचा पल्ला, पाठ किती वाकते, माणूस शर्यत धावणार की सामान लादून घाट चढणार, यावरून कोन अर्ध्या-अर्ध्या अंशाने बदलतात. बेल्जियन शर्यतपटू एडी मर्क्सने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्याची पोलादी सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी बांधली होती आणि तिचे एकूण वजन 5.75 किलो होते. मर्क्स आपल्या मापांबाबत किती काटेकोर होता हे सर्वश्रुत आहे. अशा गिऱ्हाइकाचे समाधान करणे ही त्या पिढीची मोठी शाळाच ठरली असणार.

जाणकारांनी आपापल्या माहितीची भर घालावी, आणि माझ्या मताला हरकत असेल तर तीही अवश्य मांडावी.

प्रतिसाद | धातुवेध

लेख अतिशय आवडला. धातुशास्त्र शिकलो असल्याने नळीच्या अंगाने थोडे लिहितो, कारण या विषयावर एक गैरसमज फार पसरलेला आहे.

पोलाद स्वस्त असो वा महाग, त्याचा ताठरपणा जवळजवळ सारखाच राहतो. ताठरपणाचे माप असलेला यंगचा गुणांक साधारण 200 गिगापास्कल. चांगले मिश्रधातू घेतल्याने नळी ताठर होत नाही, तिचे बळ वाढते. बळ वाढले की भिंत पातळ करता येते, आणि पातळ भिंतीमुळे वजन उतरते व फ्रेम थोडी अधिक लवते. पोलादी सायकलीच्या ज्या ‘जिवंत’ चालीचे वर्णन लोक करतात, त्यामागे व्यास आणि भिंतीची जाडी यांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब स्वाराच्या वजनानुसार बसवणे हे कारागिराचे काम आहे. पंचावन्न किलोच्या माणसाला आणि नव्वद किलोच्या माणसाला एकच नळी देणारा कारखाना दोघांपैकी एकावर अन्याय करतो. हाताने घडवलेल्या फ्रेमच्या बाजूने माझ्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

रेनॉल्ड्सचे 531 हे मँगनीज-मॉलिब्डेनमचे पोलाद 1935 मध्ये आले आणि पुढची कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींचे मानक बनून राहिले. ब्रेझिंगच्या, म्हणजे पितळ किंवा चांदीचे मिश्रण वितळवून सांधा जोडण्याच्या, उष्णतेनंतरही ते आपले बळ बऱ्यापैकी राखते, हा त्याचा मोठा गुण. सत्तरच्या दशकात आलेले 753 मात्र उष्णता-संस्कार केलेले, फार पातळ आणि हट्टी होते. ते पितळाच्या तापमानाला नेले तर संस्कार वाया जात, म्हणून चांदीच्या मिश्रणानेच जोडावे लागे. रेनॉल्ड्स ही नळी सरसकट विकत नसे. कारागिराने आधी नमुन्याचा सांधा करून कंपनीकडे पाठवायचा आणि तो चाचणीला उतरला तरच नळ्या मिळायच्या. नळी बनवणाऱ्याने जोडणाऱ्याची परीक्षा घ्यावी, यातच उष्णतेचे महत्त्व अधोरेखित होते. 1995 मधले 853 उलट स्वभावाचे: जोडल्यावर हवेत थंड होताना ते सांध्यालगत अधिक कणखर होते.

प्रतिसाद | पूर्वरेषा

कामानिमित्त जपानमध्ये राहत असल्याने केइरिनविषयी लिहितो. केइरिन हा पैजेच्या सायकल शर्यतींचा प्रकार 1948 मध्ये कोकुरा शहरात सुरू झाला. लोकांचा पैसा लागलेला असल्याने सगळ्या शर्यतपटूंची साधने एकसमान असावीत असा दंडक आहे, आणि त्यामुळे पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये आजही पोलादी नळ्यांची, मान्यताप्राप्त कारागिराने बांधलेलीच फ्रेम लागते. तिच्यावर आणि तिच्या सुट्या भागांवर एनजेएसचा, म्हणजे केइरिनसाठीच्या मान्यतेचा, शिक्का असतो. बाकी जगात शर्यतीतून पोलाद हद्दपार झाले, तेव्हा या एका नियमाने जपानमध्ये छोट्या कार्यशाळांना नियमित गिऱ्हाईक टिकवून दिले. साधने समान ठेवण्यासाठी केलेला नियम एका कारागिरीचा आधारस्तंभ ठरला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यातले सर्वांत आदराचे नाव योशिआकी नागासावा. 1970 च्या जागतिक स्पर्धेच्या निमित्ताने ते युरोपात गेले आणि इटलीत राहून सांते पोल्यागी आणि उगो दे रोसा यांच्याकडे काम शिकले. 1976 मध्ये परतून त्यांनी ओसाकाजवळ स्वतःची कार्यशाळा काढली. कोइची नाकानो या शर्यतपटूने 1977 ते 1986 अशी सलग दहा वर्षे स्प्रिंटचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते नागासावांच्या फ्रेमवर. या फ्रेमवर नक्षी जवळजवळ नसतेच. लगच्या कडा मात्र इतक्या पातळ आणि सरळ कानसलेल्या असतात, की नळी कुठे संपते आणि लग कुठे सुरू होतो हे रंगावरून बोट फिरवतानाच जाणवते. केइरिनमध्ये पडणे-धडकणे नेहमीचे असल्याने एकाच शर्यतपटूच्या मापाची फ्रेम पुन्हा पुन्हा बांधावी लागते, आणि नवी फ्रेम जुनीसारखीच वागली पाहिजे ही अपेक्षा असते. एकदा उत्तम काम जमणे आणि तेच काम हुबेहूब पुन्हा करणे, यांतले दुसरे अधिक अवघड आहे.

प्रतिसाद | रानवाट

धागाकर्त्यांच्या एका गृहीतकाला माझी हरकत आहे. संपूर्ण लेखात लग हाच केंद्रस्थानी आहे, जणू लग नसलेली फ्रेम कमी प्रतीची. लग कारागिराला मोठी सवलत देतो, कारण तो मायटर झाकतो, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. टिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे विजेच्या ज्योतीने नळ्यांच्या कडाच वितळवून जोडण्याच्या पद्धतीत, खोळ नसते आणि भरणीचा धातूही अगदी थोडा असतो. तिथे मायटरमध्ये फट राहिली तर पातळ नळीला भोक पडते किंवा सांधा ओढला जाऊन फ्रेम वाकते. मग झाकलेल्या कामाच्या प्रामाणिकपणाला एवढे महत्त्व द्यायचे, तर जिथे काहीच झाकता येत नाही त्या कामाला त्याहून अधिक द्यायला नको का?

दारिओ पेगोरेत्ती यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनी व्हेरोनाला आपले सासरे लुइजिनो मिलानी यांच्या हाताखाली काम शिकले. इतर कंपन्यांच्या नावाने खपणाऱ्या अनेक नामांकित शर्यतपटूंच्या फ्रेम त्यांनी बांधल्या, आणि इटलीत टिग पद्धतीने पोलादी फ्रेम बांधणाऱ्या पहिल्या काहींमध्ये ते गणले जातात. लगच्या फ्रेमही त्यांनी सोडल्या नाहीत. त्यातल्या एकीला सासऱ्यांचेच नाव दिले. 2018 मध्ये ते गेले. त्यांची हाताने रंगवलेली फ्रेम पाहून लोक रंगावर थांबतात, पण ज्यांनी त्यांचे वेल्डचे टाके जवळून पाहिले आहेत त्यांना रंगाखालचा माणूस अधिक मोठा वाटतो.

तिसरी पद्धत फिलेट ब्रेझिंगची. लगशिवाय, सांध्याभोवती पितळाचा भरघोस थर चढवून तो कानशीने आणि पॉलिश पेपरने असा घासायचा, की एक नळी दुसरीतून उगवल्यासारखी दिसावी. फ्रान्सच्या रने एर्स आणि आलेक्स सँजे यांच्या जुन्या प्रवासी सायकलींवर हे काम पाहावे. तिथे फ्रेमबरोबर सामानाचे कॅरिअर, दिव्याचे धारक आणि मडगार्डचे आधारही त्या विशिष्ट सायकलीपुरते घडवलेले असत, आणि सगळे मिळून एकच वस्तू तयार होई.

प्रतिसाद | जुनीदांडी

@रानवाट, हरकत योग्य आहे आणि मी ती मान्य करतो. टिगच्या सांध्यात कानसकामाचा कस अधिक लागतो. तरीही लगबद्दल मला वाटणाऱ्या आपुलकीला एक व्यावहारिक कारण आहे. पितळाचा सांधा पुन्हा तापवला की उघडतो. अपघातात वाकलेली नळी काढून तिथे नवी बसवता येते, आणि पन्नास वर्षांपूर्वीची फ्रेम आजचा कारागीर दुरुस्त करू शकतो. टिगच्या फ्रेममध्येही नळी बदलता येते, परंतु जुनी कापून, सांध्याचा भाग घासून काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी मूळ नळीचा थोडा अंश जातो.

नक्षीविषयीही थोडे लिहितो, कारण माझ्या लेखातून तिचा अनादर झाल्यासारखे वाटू शकते. लंडनच्या टॉटनहॅममधल्या हायमन हेचिन यांच्या दुकानातून निघालेल्या हेचिन्स सायकली लगच्या वेलबुट्टीसाठी आणि मागच्या नागमोडी नळ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. जॅक डेनी हे त्यांचे मुख्य कारागीर. लगचे इतके कंगोरे सर्व बाजूंनी भरायचे म्हणजे पितळाला किती वळणांतून न्यावे लागले असेल, याचा विचार केला की ती नक्षीच उष्णतेवरच्या हुकमतीचा पुरावा ठरते.

प्रतिसाद | अनुक्रम

ही विद्या पुढे कशी जाते, याचा विचार या धाग्यात यायला हवा. वर आलेली नावे पाहिली तर प्रत्येकाच्या मागे दुसऱ्याची कार्यशाळा दिसते: नागासावांच्या मागे दे रोसा आणि पोल्यागी, पेगोरेत्तींच्या मागे मिलानी. अमेरिकेत तर ही परंपरा फार थोड्या तरुणांच्या प्रवासातून उभी राहिली. रिचर्ड सॅक्स, पीटर वाइगल आणि बेन सेरोटा हे तिघेही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या विटकम कार्यशाळेत शिकायला गेले आणि परत येऊन त्यांनी आपापले काम सुरू केले. सॅक्स यांनी पुढे पेगोरेत्तींच्या जोडीने कोलंबसकडून लगच्या फ्रेमसाठी खास नळ्याही बनवून घेतल्या, म्हणजे घेतलेले त्यांनी परतही केले.

अर्थकारण मात्र नाजूक आहे. मूळ लेखात ज्या मर्शियनचे वर्णन आहे, तिने 2024 मध्ये काम बंद करण्याची घोषणा केली होती, आणि त्याच वर्षी काही सायकलप्रेमींनी एकत्र येऊन तिला वाचवले. कानसकामाचे तास कमी करता येत नाहीत आणि गिऱ्हाईक मात्र किंमत कार्बनच्या फ्रेमशी ताडून पाहते. पैसे देणाऱ्याला हे तास दिसावेत, यासाठी अशा चर्चांचा उपयोग होतो असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद | कोकणकडा

या धाग्यामुळे आपल्याकडच्या सायकलींकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटले. मुंबईच्या हिंद कारखान्याची किंवा सोनीपतच्या ॲटलसची जुनी काळी सायकल हीसुद्धा लग घातलेली, ब्रेझिंग केलेली पोलादी फ्रेमच होती. नळी साधी, सर्वत्र एकाच जाडीची, लग दाबून बनवलेले आणि काम घाऊक, हे खरे. तरी रचना तीच. तालुक्याच्या गावी चिमटा तुटला की गॅस वेल्डिंगवाल्याकडे न्यायचा, तो टाकणखार लावून पितळी सळईने सांधा भरून द्यायचा, आणि त्यावर पुन्हा दुधाचे कॅन किंवा धान्याचे पोते लादले जायचे. वर वर्णन केलेल्या केशाकर्षणाचे नाव त्याने कधी घेतले नसेल, परंतु ज्योत कुठे न्यायची हे त्याला नेमके ठाऊक होते. पुण्यातल्या कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जुन्या सायकली पाहताना आता मी लगच्या कडा आधी पाहीन.

एक प्रश्न आहे. जुनी परदेशी पोलादी फ्रेम विकत घेण्याचा विचार करत आहे. रंगाखालचे काम कसे तपासावे? आणि आमच्या रत्नागिरीच्या पावसात ती टिकेल का?

प्रतिसाद | जुनीदांडी

@कोकणकडा, गॅस वेल्डिंगवाल्याची आठवण काढलीत, हे फार बरे केलेत. तो या धाग्याचा हक्काचा माणूस आहे.

तपासण्यासाठी पायडलची धुरी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, काढायला सांगा आणि त्या नळकांड्यात बॅटरीचा उजेड टाका. तिथे नळ्यांची कापलेली तोंडे उघडी दिसतात. कड साफ कोरलेली आहे का, तिच्याभोवती पितळाची किंवा चांदीची कडी अखंड फिरली आहे का, हे पाहा. नळीचे तोंड करवतीने सरळ कापून तसेच सोडलेले दिसले तर बाकीच्या सांध्यांतही तसेच असण्याची शक्यता आहे. काचेसारखा हिरवट-तपकिरी थर दिसला तर तो न धुतलेला टाकणखार असतो. तो गरम पाण्यात भिजवून निघतो, पण राहिला तर ओल धरून ठेवतो. मग हँडलच्या नळीपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, लगच्या टोकापलीकडे बोट फिरवा. समोरून धडक बसलेल्या सायकलीच्या नळीला तिथे खालच्या अंगाला फुगवटा येतो, आणि तो डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. शेवटी मागच्या चाकाच्या खाचेपासून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत दोरा ताणा आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजा. अंतर सारखे असेल तर मागचा भाग सरळ आहे.

पावसाबद्दल: पोलाद बाहेरून क्वचित मरते, ते आतून गंजते. सीटच्या दांड्याशेजारून शिरलेले पाणी खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये साठते. सगळे भाग उतरवून, फ्रेम आतून पूर्ण वाळवून, जवसाचे उकळलेले तेल नळ्यांत ओता, फ्रेम सर्व बाजूंनी फिरवून जास्तीचे तेल निथळू द्या आणि काही दिवस उघड्यावर सुकू द्या. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका; जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पाण्यात बुडवून मगच टाका. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला निचऱ्याचे बारीक भोक असेल तर ते चिखलाने बुजले नाही ना, हे दर पावसाळ्यात पाहत जा. सीटचा दांडाही वर्षातून एकदा काढून, त्याला ग्रीस लावून पुन्हा बसवा, नाहीतर ॲल्युमिनियमचा दांडा पोलादात कायमचा अडकतो.